‘तरतूद नाही’ या उत्तरावर एका त्रेचाळीस वर्षांच्या विद्यार्थिनीचं खुलं पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू महोदय,
तसंच फिजिओथेरपीच्या प्रवेशाचे, वसतिगृहाचे, हजेरीचे, शिष्यवृत्तीचे आणि इंटर्नशिपचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्याच्या १८ तारखेला आमच्या वसतिगृहात, मेसच्या वेळापत्रकाशेजारी, एक कागद लागला. ‘वयाची २५ वर्षे पूर्ण केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींचा वसतिगृह प्रवेश पुढील महिना संपल्यानंतर १ तारखेपासून रद्द समजण्यात येईल.’ कारण म्हणून ‘शिस्त व सुरक्षितता’ एवढे दोनच शब्द. वसतिगृहात आम्ही एकशे चाळीस जणी आहोत आणि त्यात पंचविशी ओलांडलेली पदवीची विद्यार्थिनी मी एकटी आहे. कागदावर नाव नव्हतं, पण जेवायला आलेल्या मुलींनी तो वाचला आणि एकेक करून माझ्याकडे वळून पाहिलं.

त्याच रात्री मी अर्ज लिहिला. साडेतीन वर्षं इथे राहते आहे, माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही, चौथ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आहे, तेवढी होईपर्यंत राहू द्यावं. अकराव्या दिवशी जावक क्रमांकासह उत्तर आलं: ‘आपल्या विनंतीबाबत नियमात तरतूद नाही.’

महोदय, ‘तरतूद नाही’ हे उत्तर मला या शिक्षणात पहिल्यांदा मिळालं नाही. प्रवेशाच्या खिडकीवर मिळालं, शिष्यवृत्तीच्या टेबलावर मिळालं, घरात मयत झाली तेव्हाही मिळालं. दरवेळी मी मान खाली घालून परत आले, कारण शिकायचं होतं आणि वाकडं कुणाशी घ्यायचं नव्हतं. आता मात्र हे उत्तर माझ्या एकटीच्या फाइलमध्ये राहू नये असं वाटतं, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

मी जत तालुक्यातली. २००० साली बारावी सायन्स झाले, मग डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, केली आणि अठरा वर्षं तालुक्यातल्या एका खासगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम केलं. फिजिओथेरपी हा शब्द मला कामामुळे माहीत होता. त्याचा अर्थ कळला २०१९ साली, सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या तेव्हा.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शहरात नेऊन ऑपरेशन केलं, गोळा बदलला, पाचव्या दिवशी घरी सोडलं. कागदावर लिहिलं होतं, ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’. कुठे ठेवायची? गावात कुणी नाही, तालुक्यात चौकशी केली तर शेक देणारे आणि चोळून देणारे भेटले. तीन आठवडे आत्या, म्हणजे सासूबाई, पलंगावरून उठल्या नाहीत. पाठीला जखम झाली. शेजारपाजारचे भेटायला यायचे आणि अंगणात उतरल्यावर हळू आवाजात म्हणायचे, म्हातारं माणूस पडलं की संपलं. आत्यांना ते ऐकू जात होतं.

शेवटी शहरातून आठवड्यातून एकदा येणारी एक फिजिओ मिळाली. वय सव्वीस-सत्तावीस असेल. तिने आल्या आल्या आत्यांना हात लावला नाही. आधी घर पाहिलं. पलंगाची उंची वितीने मोजली आणि चारही पायांखाली दोन-दोन विटा सरकवायला लावल्या. नव्या गोळ्याला खाली बसणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं चालत नाही, हे तिने आम्हाला पलंगाच्या कडेवर स्वतः बसून दाखवलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक मध्ये कापून ती संडासाच्या भांड्यावर ठेवायची युक्ती तिचीच. मग घोटे हलवणं, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणं, मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे मोजणं. आकडे आत्यांनी मोजायचे, कारण मोजताना माणूस श्वास कोंडून धरत नाही. पुढच्या वेळी वॉकर. अकराव्या आठवड्यात आत्या स्वतःच्या पायांनी तुळशीपर्यंत गेल्या आणि वृंदावनाला हात टेकून उभ्या राहिल्या.

त्या दिवशी मी ठरवलं. वय छत्तीस होतं.

ठरवून काय होतं? फिजिओथेरपीच्या प्रवेशालाही लागणाऱ्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या २०१८ च्या अर्जात वरची वयोमर्यादा होती, खुल्या गटाला २५ आणि राखीव गटांना ३०. दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी मान्य केली. वर्षाच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने पंचविशीपुढच्यांना परीक्षेला बसू दिलं, पण तेही अंतिम निकालाच्या अधीन राहून. म्हणजे अभ्यास करायचा आणि तो फुकट जाईल की नाही हे माहीत नसायचं. तरी मी लॉकडाऊनमध्ये फिजिक्सची पुस्तकं उघडली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ती मर्यादा काढून टाकायचं ठरवलं आणि मार्च २०२२ मध्ये ते जाहीर झालं. ती बातमी मी लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज चालू असताना मोबाइलवर वाचली आणि काउंटरवरच्या मुलीला मिठी मारली.

१७ जुलै २०२२. आषाढी होऊन आठवडा झाला होता. परीक्षा केंद्राच्या फाटकावर रखवालदाराने मला हाताने अडवलं आणि म्हणाला, “ताई, पालकांनी बाहेरच थांबायचं.” मी प्रवेशपत्र पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, परत फोटो पाहिला आणि बाजूला होऊन म्हणाला, “जावा ताई, चांगला पेपर लिवा.” कानातलं काढून नवऱ्याच्या हातात दिलं आणि आत गेले. त्या वर्षी देशभरातून अठरा लाखांहून जास्त अर्ज होते. मला त्या रखवालदाराची आठवण अजून येते. त्याच्याकडेही माझ्यासाठी तरतूद नव्हती. त्याने कागद बघितला आणि वाट दिली.

आता माझ्या तक्रारी सांगते.

वसतिगृहापासून सुरुवात करते, कारण तेच आज डोक्यावर आहे. माझं गाव कॉलेजपासून अडीच तासांवर. पहिले दोन महिने मी एसटीने येऊन-जाऊन पाहिलं. पहाटे ५:४० ची गाडी, रात्री नऊला घरी, मग ॲनाटॉमी कधी वाचायची? म्हणून वसतिगृह घेतलं. आता ते नाही म्हटल्यावर मी शहरात खोली शोधते आहे. लग्न झालेली बाई, नवरा गावाकडे आणि ही एकटी राहणार, असं म्हटलं की घरमालक दार लोटून घेतात. तीन ठिकाणी हा अनुभव आला. नोकरी करणाऱ्या महिलांच्या एका वसतिगृहात गेले तर नेमणूक पत्र मागितलं. मी विद्यार्थिनी आहे म्हणून तिथे बसत नाही आणि वय जास्त म्हणून विद्यार्थिनींच्यात बसत नाही. मग माझ्यासारखीने राहायचं कुठे, याचा विचार नोटीस काढण्यापूर्वी कुणी केला होता का?

‘शिस्त व सुरक्षितता’ हे कारण मला लागलं. माझ्या खोलीत एकोणीस-वीस वर्षांच्या तिघी असतात. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एकीला डेंगी झाला, रात्री दोन वाजता तिच्या प्लेटलेट्स घसरल्या, तेव्हा रेक्टर मॅडमनी पहिली हाक मला मारली. रिक्षा मी आणली, सकाळपर्यंत तिच्या उशाशी मी बसले आणि तिची आई नाशिकहून येईपर्यंत तिला मीच पाणी पाजलं. त्या आईने जाताना माझे हात धरले. माझ्या वयामुळे त्या मुली असुरक्षित होतात, असं म्हणण्यापूर्वी निदान त्यांना तरी विचारायला हवं होतं.

दुसरी तक्रार हजेरीची आणि वेळेची. दुसऱ्या वर्षी आत्या गेल्या. ज्यांच्यामुळे मी इथे आले त्या गेल्या. तेरा दिवस घरी राहणं भाग होतं. थोरली सून मी. परत आल्यावर हजेरी कमी पडली म्हणून सवलतीचा अर्ज घ्यायला गेले. छापील अर्ज आहे. ‘कुटुंबातील मृत्यू’ या रकान्यात चार चौकोन आहेत: आई, वडील, भाऊ, बहीण. मी म्हटलं, सासू. लिपिक भला माणूस होता, त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि तेच सांगितलं, तरतूद नाही. त्या अर्जात सासू नाही, सासरा नाही, नवरा नाही आणि मूलही नाही. उद्या एखाद्या विद्यार्थिनीचं लेकरू दगावलं तर तिने कुठल्या चौकोनात खूण करायची? हा अर्ज ज्याने केला त्याच्या डोळ्यांपुढे अठरा वर्षांचं, आईवडिलांच्या घरातून आलेलं मूल होतं. तो अर्ज तसाच राहिला आणि वयोमर्यादा मात्र निघाली. मी शेवटी दिवाळीच्या सुट्टीत जादा पोस्टिंग करून ते दिवस भरून काढले.

मी भरून काढले, एकाला ते जमलं नाही. आमच्या वर्गात एक माजी सैनिक होते. सतरा वर्षं नोकरी करून सदतिसाव्या वर्षी निवृत्त झालेले. त्यांचा एक जोडीदार पाठीच्या कण्याला इजा होऊन खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात होता. त्याला भेटायला जाताना तिथलं काम त्यांनी पाहिलं होतं आणि त्यातून इकडे आले होते. मोठ्या मनाचा माणूस. आम्हाला ट्रान्सफर शिकवायच्या आधीच त्यांना ती येत होती, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत माणूस कसा घ्यायचा, हात कुठे घालायचा, आपला पाय कुठे रोवायचा. दुसऱ्या वर्षी त्यांच्या पत्नीचं बाळंतपण अवघड झालं, मूल महिनाभर काचेच्या पेटीत राहिलं. हजेरी गेली, वर्ष गेलं. त्यांनी विचारलं, दोन विषय या वर्षी आणि उरलेले पुढच्या वर्षी असं करता येईल का, म्हणजे घरही सांभाळता येईल. कॉलेजातून नाही म्हणाले. आज ते एका बँकेच्या एटीएमवर सुरक्षारक्षक आहेत. एवढा तयार हात आपण घालवला.

आणि कायदा काय म्हणतो? संसदेने २०२१ साली सहबद्ध व आरोग्यसेवा व्यावसायिकांचा कायदा केला. त्यात फिजिओथेरपी आहे. तो आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३६०० तासांचं शिक्षण मागतो आणि ते तीन ते सहा वर्षांत पसरलेलं असावं असं म्हणतो. कायद्याने तास मोजले आहेत आणि सहा वर्षांपर्यंतची जागा ठेवली आहे. आपला अभ्यासक्रम चार वर्षं अधिक इंटर्नशिप असा बसवलेला आहे, तो बहुतेकांना ठीकच आहे. पण ज्यांना घर, मूल, आजारी माणूस सांभाळून तेच तास, त्याच परीक्षा, तीच रुग्णसेवा थोड्या संथ गतीने पूर्ण करायची आहे, त्यांना ती वाट का नसावी? मी सोपा अभ्यासक्रम मागत नाही. एक तासही कमी करू नका. रुग्णाच्या अंगाला हात लावणाऱ्या माणसाचं शिक्षण कच्चं राहिलेलं मला स्वतःला चालणार नाही.

आधीच्या शिक्षणाबद्दल थोडक्यात. डीएमएलटीला आणि अठरा वर्षांच्या कामात मी जे शिकले, त्यातलं बरंच पहिल्या वर्षाच्या बायोकेमिस्ट्रीत पुन्हा होतं. नर्सिंग करून आलेल्या एका मुलीचंही तेच झालं. चाचणी घ्या आणि उत्तीर्ण झालो तर तेवढ्या तासांतून सूट द्या, एवढी साधी सोय नाही.

कागदपत्रांचं मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण कित्येक बायका परीक्षेला बसण्याआधी इथेच थकतात. माझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव आहे. आधार, रेशनकार्ड, बँक सगळीकडे सासरचं. प्रत्येक खिडकीवर विवाहाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची प्रत, शिवाय दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. बारावीनंतर बावीस वर्षांचा खंड, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. हे एकदा द्यायला माझी हरकत नाही. मी ते चार वर्षांत सहा वेळा दिलं आहे, कारण एका टेबलावर तपासलेला कागद दुसरं टेबल मानत नाही.

मग उत्पन्नाचा दाखला. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क माफ केलं. हा निर्णय चांगला आहे. त्याने किती घरांतल्या पोरी शिकायला बाहेर पडल्या ते मी वसतिगृहात रोज पाहते. पण अर्जात ‘पालक’ म्हणून मी कुणाला दाखवू? माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, भावाकडे राहतात. एका ठिकाणी सांगितलं वडिलांचं उत्पन्न आणा, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं तुमचं कुटुंब म्हणजे नवऱ्याचं, तिसऱ्या ठिकाणी दोन्ही आणा. सात महिने हे चाललं. त्या काळात फी भरण्यासाठी मी शैक्षणिक कर्ज मागायला गेले, तर तिथल्या साहेबांनी माझी फाइल बंद करून विचारलं, “मुलीसाठी हवंय का?” स्वतःसाठी म्हटल्यावर सांगितलं, वडिलांना सहकर्जदार म्हणून घेऊन या. शेवटी गळ्यातलं गहाण ठेवून ते वर्ष काढलं.

याच काळातलं एक उलटं उदाहरण देते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्यासाठी मला कुठे जावं लागलं नाही, कुठला दाखला लागला नाही. बाई आहे आणि प्रवास करते आहे, एवढं पुरलं. म्हणजे मनात आणलं की नियम असाही करता येतो.

महोदय, ‘असे विद्यार्थी असतात कितीसे?’ असं मला तोंडावर विचारलं गेलं आहे. मोजा ना. पंचविशीपुढचे किती जण आले, किती टिकले, किती आणि का सोडून गेले, हे दरवर्षी जाहीर करा. माझ्या एका वर्गात आम्ही तिघं होतो, आता दोघी उरलो.

आणि आमच्यामुळे वर्गाचं काही नुकसान होतं का, हेही आमच्या शिक्षकांना विचारा. सांध्यांच्या हालचाली मोजायच्या प्रॅक्टिकलला आम्ही गोनिओमीटर घेऊन एकमेकांचे खांदे मोजत होतो. मुलींचे हात सहज कानाला लागत होते. माझा उजवा हात निम्म्याच्या थोडा वर जाऊन अडला. मला तोवर वाटायचं, कामाने भरून आलाय. मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. तीस जणांनी एकेक करून माझा खांदा हळूच फिरवून पाहिला, कुठे अडतो, दुखून अडतो की आवळून अडतो, पाठीचं फावडं आधीच कसं वर उचललं जातं. पुस्तकातला ‘फ्रोझन शोल्डर’ त्या दिवशी सगळ्यांच्या बोटांना कळला. मला तो दुखत होता, पण मी हात दिला, कारण यातली एखादी पोरगी उद्या माझ्या गावाकडच्या बाईचा खांदा हातात घेणार आहे.

ओपीडीत परवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. व्यायाम सगळे नीट करायच्या, पण घरी गेल्या की चालणं बंद. दोन आठवडे कुणाला कारण कळेना. मी शेजारी बसले आणि विचारलं, “आजी, न्हाणीचा उंबरा केवढा हाय?” त्यांनी हात धरून दाखवला, चांगला वीतभर. तो ओलांडायची भीती होती आणि ती सुनेला सांगायची लाज होती. आम्ही लाकडी पेटीवर तेवढ्याच उंचीचा उंबरा करून चार दिवस तेवढंच करवून घेतलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पाचव्या दिवशी आजी म्हणाल्या, “आंघोळ माझी मी केली.” हे मला सुचलं, कारण माझ्या घरात तोच उंबरा होता. घर चालवलेल्या, माणसं उचललेल्या, रोग जवळून पाहिलेल्या लोकांना ही कामं का सुचतात, ते वेगळं सांगायला नको.

अशा हातांची गरज आहे की नाही, तेही पाहू. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसं दहा कोटींवर होती. ती संख्या तेव्हापासून वाढलीच असणार. या देशात फिजिओथेरपीचं शिक्षण पन्नासच्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी. ज्या राज्यात ते सुरू झालं त्याच राज्यात आजही खुब्याच्या ऑपरेशननंतरची बाई तालुक्यात माणूस मिळत नाही म्हणून पाठीला जखमा घेऊन पडून राहते. शिकलेली तरुण मुलं शहरात राहतात, परदेशात जातात. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचं आयुष्य पुढे आहे. मी मात्र जतलाच परत जाणार आहे. माझं घर, माझी माणसं तिथेच आहेत. चव्वेचाळिसाव्या वर्षी पदवी हातात आली तरी वीस वर्षं काम करीन.

पण तिथेही भिंत आहेच. राज्य सरकारच्या नोकरभरतीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि राखीव गटांना ४३. मी दोन्हीच्या पलीकडे. म्हणजे ग्रामीण रुग्णालयात जागा रिकामी असली, मला पदवी असली आणि मी त्याच गावची असले तरी अर्ज करू शकत नाही. ज्या राज्याने मला शिकायला आत घेतलं, त्याच राज्याच्या दवाखान्यात मला काम करता येणार नाही.

आणि शेवटची अडचण इंटर्नशिपची. आमच्याकडे ती पूर्ण काळ शहरातल्या संलग्न रुग्णालयातच करावी लागते आणि फिजिओथेरपीच्या इंटर्नला स्टायपेंड नाही. वसतिगृह नाही, पगार नाही, गाव अडीच तासांवर. यातले निदान दोन महिने आपापल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, घरभेटींसह करू दिले तर शिकणाऱ्यालाही कळेल आणि तालुक्यालाही कळेल की हे काम काय असतं.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

वसतिगृहाची ती नोटीस मागे घ्यावी. निदान आत्ता शिकत असलेल्यांना अभ्यासक्रम संपेपर्यंत तिच्यातून वगळावं आणि पुढे वयाने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी काही खोल्या राखून ठेवाव्यात.

हजेरी सवलतीच्या अर्जात पती, पत्नी, मूल, सासू, सासरे यांचा समावेश करावा. हे एका परिपत्रकाचं काम आहे, एका दिवसात होतं.

तेच तास आणि त्याच परीक्षा ठेवून अभ्यासक्रम कायद्याने दिलेल्या सहा वर्षांच्या आत पूर्ण करण्याची ऐच्छिक वाट खुली करावी. बाळंतपण आणि घरातल्या गंभीर आजारपणासाठी वर्ष वाया न जाता रजा मिळावी.

आरोग्य क्षेत्रातलं आधीचं शिक्षण चाचणी घेऊन ग्राह्य धरावं.

नावबदल आणि खंडाची कागदपत्रं प्रवेशाच्या वेळी एकदाच तपासावीत आणि तो शेरा सर्व विभागांनी मानावा. विवाहित विद्यार्थ्यांचं ‘कुटुंब’ म्हणजे कोण आणि उत्पन्न कुणाचं, हे शिष्यवृत्तीच्या नियमात एका वाक्यात लिहून टाकावं.

इंटर्नना स्टायपेंड द्यावा आणि इंटर्नशिपचा काही भाग स्वतःच्या तालुक्यात करण्याची मुभा असावी.

ग्रामीण भागातल्या फिजिओथेरपीच्या सरकारी जागांसाठी वयाची अट शिथिल करावी, अशी शिफारस विद्यापीठाने शासनाकडे करावी.

पंचविशीपुढच्या विद्यार्थ्यांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करावी आणि हे नियम ठरवणाऱ्या समितीत आमच्यापैकी एकाला बसू द्यावं.

यातल्या ज्या गोष्टी आपल्या अधिकारात नसतील त्या कुणाच्या अधिकारात आहेत तेवढं कळवावं, मी तिकडे जाईन. जिथे ‘नाही’ असेल तिथे कारणही लिहावं.

नोटीस पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होते. न्यूरो फिजिओथेरपीचं माझं प्रॅक्टिकल ९ तारखेला आहे. मधल्या आठ दिवसांत मी कुठे राहायचं, याचं लेखी उत्तर मला २५ तारखेपर्यंत मिळावं. माझ्या अर्जाचा आवक क्रमांक आपल्या कार्यालयात आहे.

आपली नम्र,
फिजिओथेरपी पदवी, चौथे वर्ष, वय ४३
मुक्काम वसतिगृह, तूर्तास